चौकोनाचं बटण

आईला टीव्हीवर काहीही चालतं, फक्त गोष्ट हवी. त्यामुळे रविवारी दुपारी मी 'द लास्ट ऑफ अस' या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग लावला, तेव्हा ती लसणाचं ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर येऊन बसली. डबीवरचा ठळक १८ चा आकडा मी हळूच पालथा घातला. चाळिशी ओलांडल्यावरही आईपासून लपवण्यासारखं काहीतरी आहे, याचं बरंच वाटलं.

पहिला भाग २०१३ चा. बुरशीच्या साथीने उजाड झालेली अमेरिका, मुलगी गमावलेला जोएल आणि त्याच्या गळ्यात पडलेली चौदा वर्षांची एली. दुसरा भाग जून २०२० मध्ये आला, म्हणजे नेमके आपण सगळे साथीमुळे घरात कोंडलेलो असताना. यात एली एकोणीस वर्षांची झाली आहे. सुरुवातीलाच ॲबी नावाची मुलगी जोएलला गोल्फच्या काठीने मारते आणि एली सूड घ्यायला सिॲटल गाठते. तीन दिवस आपण एली होऊन माणसं मारत सुटतो. दोघी समोरासमोर येतात, आता काय होणार म्हणून आपण पुढे सरकून बसतो, आणि खेळ सरळ तीन दिवस मागे जातो. यावेळी हातात ॲबी.

"हिनेच ना त्याला मारलं?" आईची सुरी थांबली. "मग तू हिला कशाला सांभाळतोयस?"

प्रश्न बिनतोड होता. तोच प्रश्न जगभरच्या खेळाडूंनी फार वाईट भाषेत विचारला. ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेलीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. पहिल्यांदा खेळताना मीही चिडून रिमोट गादीवर आपटला होता. पण दहा-बारा तास तुम्ही एखादीच्या जखमांना पट्ट्या बांधता, तिच्यासाठी कपाटं धुंडाळून गोळ्या जमवता, उंचीला घाबरणाऱ्या तिला आभाळाला टेकलेल्या पुलावरून कशीबशी पलीकडे नेता. राग कधी उतरला ते कळत नाही. जोएलने हिच्या बापाला मारलं होतं, हे कारण तर नंतरचं. त्याआधी अंगठ्यांनाच तिची सवय झालेली असते. सिनेमाला हे जमलं नसतं.

शत्रूंनाही नावं दिली आहेत. एकाला लपून मारलं की त्याचा सोबती त्याला नावाने हाक मारत शोधत येतो. कुत्रा मेला तर मालक कुत्र्याच्या नावाने टाहो फोडतो. एलीच्या हातून ॲलिस नावाची कुत्री मरते, आणि पुढे ॲबीच्या बाजूने त्याच ॲलिसची ओळख होते. तिथे आई उठून चहा टाकायला गेली.

माझी तक्रार वेगळी आहे. तळघरात एली ॲबीच्या नोरा नावाच्या मैत्रिणीला गाठते. हातात पाइप. चेहरा जवळून, लाल उजेड, आणि पडद्यावर चौकोनाचं बटण दाबायची खूण.

"नको ना दाबूस," आई म्हणाली.

नाही दाबलं. एली तशीच उभी, धापा टाकत. चहा निवला. लसूण संपला. खेळ काही पुढे सरकेना. त्याच्यापाशी साठाहून जास्त सोयी आहेत. दिसत नसलेल्या माणसालाही खेळता यावं इतकी काळजी घेतली आहे, माझ्यासाठी अक्षरं मोठी करून दिली आहेत. पण 'नको' म्हणायची सोय नाही. शेवटी दाबलं. तीनदा दाबावं लागतं. आणि मग तोच खेळ उरलेले कित्येक तास माझ्याकडे अशा नजरेने बघतो, जणू कल्पना माझी होती!

लांबतोही फार. शेतावरचं घर, कडेवर बाळ, मेंढ्या... इथे पडदा पडायला हवा होता, असं मला अजूनही वाटतं. तरी एली पुन्हा निघते, सांता बार्बराला. तिथे ॲबीला सोडून देते, पण त्या झटापटीत ॲबी तिच्या डाव्या हाताची दोन बोटं तोडते.

घरी परत येते तेव्हा घर रिकामं. जोएलने दिलेली गिटार तेवढी खोलीत. ती हातात घेते आणि रिमोटवरची पट्टी आपल्या ताब्यात येते. आधी कितीदा तरी याच पट्टीवर बोट फिरवून मी सूर छेडले होते, छान लागले होते. आता फिरवलं, तर अर्धा सूर वाजला आणि अर्धा नुसताच खरखरला.

"अरे, नीट वाजव," आई म्हणाली.

मी पुन्हा फिरवलं.

"बोटं नाहीत गं तिला."

आईने ताटातली सालं गोळा केली. "राहू दे मग," म्हणाली.