७२ तास आणि पाण्याची टाकी

पुण्यात ओपन माइक, म्हणजे कुणालाही स्टेज देणारा स्टँड-अप कॉमेडीचा कार्यक्रम, करायचा तर आधी इन्स्टावरचा फॉर्म भरायचा आणि यादीत नाव येतंय का बघत बसायचं. आलं तर चार-पाच मिनिटं मिळतात. शेवटचं मिनिट उरलं की मागून कुणीतरी मोबाइलची बॅटरी दाखवतं. समोर बसलेली निम्मी माणसं आपल्या नंबराची वाट बघणारी कॉमेडियनच असतात, आणि ती हसत नाहीत. मनात स्वतःचे जोक घोकत असतात.

मी लातूरकडचा. दिवसा हिंजवडीत नोकरी आणि रात्री हा उद्योग. सुरुवातीला नुसतं ‘काय करुलालाव?’ (काय करताय?) म्हटलं तरी हशा पिकायचा. मला वाटलं, जमलं आपल्याला. मग एकदा तोच जोक मुद्दाम पुस्तकी मराठीत सांगून बघितला, तर फक्त एसीचा आवाज ऐकू आला. बोली काढून घेतली तर जोकमध्ये काहीच उरत नव्हतं. त्या रात्रीपासून मी गावाकडची अशी गोष्ट शोधायला लागलो, जी कुठल्याही भाषेत सांगितली तरी हसवेल.

ती सापडली पीक विम्यात. २०२४ पर्यंत पावसानं सोयाबीन आडवं झालं की नुकसान ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं, ॲपवर फोटो टाकून नाहीतर टोल फ्री नंबरवर. आमच्याकडं रेंज येते पाण्याच्या टाकीवर. म्हणजे शेत पाण्याखाली, आणि शेतकरी पाण्याच्याच टाकीवर चढून पाण्याची तक्रार करतोय! एवढ्यावर माझी सात-आठ मिनिटं उभी राहिली. त्या जोरावर आधी दुसऱ्यांच्या कार्यक्रमात स्पॉट, म्हणजे काही मिनिटांची जागा, मिळाले, मग तिकिटाच्या शोमध्ये चार जणांच्या लाइनअपमध्ये नाव आलं. पैसे? गाडीचं पेट्रोल निघायचं.

खरा धंदा उलट्या दिशेनं आला. एक क्लिप गावाकडं व्हॉट्सॲपवर फिरली आणि एका गणेश मंडळाचा फोन आला. ‘दीड तास करा दादा, मानधन देऊ, जेवण आमच्याकडंच.’ माझ्याकडं माल होता जेमतेम पंचवीस मिनिटांचा. तरी हो म्हणालो.

तिथं समोर पहिल्या रांगेत म्हाताऱ्या, मांडीवर नातवंडं, बाजूला सरपंच, मागं मोटारसायकलवर बसलेली पोरं. शिवी चालत नाही, बायकोवरचे जोक तर बायकाच चालू देत नाहीत. बोलीला कुणी हसत नाही, कारण सगळे तसंच बोलतात. टाकीच्या जोकवर पुण्यात लोक माणूस टाकीवर चढला की हसायचे. इथं टाकीवर कुणालाच नवल नव्हतं. हशा फुटला तो ‘७२ तास’ म्हटल्याबरोबर, आणि हसण्यात थोडी चीडही होती. तेवढ्यात एक आजोबा उभे राहिले. ‘पोरा, फोटूच्या आधी गट नंबर टाकावं लागतंय. तू थेट फोटूवर कसा गेलास?’ अख्खा मंडप माझ्यापेक्षा जास्त त्यांना हसला. ते वाक्य तेव्हापासून माझ्या कार्यक्रमात आहे, पुण्यातही चालतं.

उरलेला वेळ लोकांशी बोलूनच काढला. शेवटी शाल, श्रीफळ आणि पाकिटात पंधराशे रुपये. पुण्यात तेव्हा मला एका स्पॉटचे पाचशे मिळायचे.

मग पतसंस्थेचा वर्धापनदिन, शाळेचं स्नेहसंमेलन, साखर कारखाना, यात्रा अशी रांग लागली. ‘टीव्हीवर आलाव का?’ हा प्रश्न प्रत्येक संयोजक विचारतो आणि त्यावरून मानधन ठरवतो. नाही म्हटलं की आकडा खाली येतो. माझं म्हणणं असं की दीड तास एकट्यानं मंडप धरणं हीच आपल्याकडची जुनी परीक्षा आहे. फुलंब्रीचे लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटेच बावन्न पात्रं उभी करायचे, तेही मराठवाडी बोलीत. आमच्या घरी त्यांची कॅसेट होती. आता ती ऐकताना मी जोक सोडून ते श्वास कुठं घेतात तेवढंच बघतो.

नाट्यगृहात तिकीट लावून स्वतःचा शो करायचं ठरलं, तेव्हा संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडं, द्यावी लागते हे कळलं. माझी संहिता डोक्यात! लिहायला बसलो तर प्रत्येक पानावर ‘मी :’ आणि पुढं लांबलचक परिच्छेद. प्रेक्षकांशी होणाऱ्या गप्पा कशा लिहायच्या? नाटकवाल्या एका मित्रानं बसवून घेतलं, तेव्हा कुठं कागद तयार झाले. फायदा असा झाला, की कागदावर आल्यावर तीन किस्से अगदीच पोकळ दिसले. ते मीच काढून टाकले.

आता गणपतीच्या तारखा उन्हाळ्यातच ठरतात. सोयाबीनच्या काढणीत मात्र गावाकडचे कार्यक्रम घेत नाही. तेव्हा प्रेक्षक रानात असतात आणि आमचे आप्पाही मला तिकडंच बोलावतात.