पाढे शोधले, पेढे मिळाले

साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागासाठी आम्ही प्रोग्रॅमच्या उदाहरणांचा संग्रह ऑनलाइन करत होतो. काम एकच, पण ते सी, सी++, जावा आणि पायथन अशा चारही भाषांत शेजारी शेजारी. कल्पना आमची नव्हे, रोझेटा कोड ही वेबसाइट हे २००७ पासून करतेय. आमच्याकडे वेगळं एवढंच, की प्रत्येक प्रोग्रॅमखाली मराठीत नीट समजावून लिहिलेलं होतं. ते विभागातल्या मॅडमनी लिहिलं, आणि उदाहरणंही गावातलीच घेतली. एसटीचं हाफ तिकीट, दूध संकलनाचा हिशेब, मोती चौकातल्या दुकानातलं कंदी पेढ्यांचं बिल.

हे बिलाचं उदाहरण माझ्या खास आवडीचं. सीमध्ये २५० ग्रॅमला पूर्णांकातच १००० ने भागलं, तर उत्तर येतं शून्य. म्हणजे पावशेर पेढे फुकट! पायथन ३ मध्ये तोच भागाकार ०.२५ देतो. दोन्ही प्रोग्रॅम शेजारी ठेवले की पोरांना जे कळतं, ते फळ्यावर तासभर बोलून कळत नाही.

चाचणीच्या दिवशी पहिल्या वर्षाची मुलं लॅबमध्ये बसवली. आम्ही काही शिकवायचं नाही, त्यांना सुचेल ते त्यांनी शोधायचं, असं ठरलेलं. इंग्रजी शब्द टाकून बघणाऱ्यांचं सुरळीत चाललं होतं. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पाढे टाकलं तर पेढे येतायत."

लॅब हसली. मी जाऊन बघितलं, तर खरंच. पाढ्यांचा प्रोग्रॅम कुठेतरी खाली, वर पेढ्यांचं बिल, आणि मध्ये कशाचा कशाशी संबंध नसलेले प्रोग्रॅम. शेजारच्या मुलीने 'बाकी' टाकलं होतं, भागाकारातली. तिला बँकेच्या खात्याचा प्रोग्रॅम आला होता. मॅडम म्हणाल्या, "अहो सर, बँकेत बाकी असतेच की!" पण हा योगायोग नाही, हे एव्हाना कळलं होतं. बिनसंबंधाच्या त्या सगळ्या प्रोग्रॅमांत एक शब्द समान होता: 'पुढे'.

शोध एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एफटीएस५ वर, म्हणजे मजकुरातले शब्द शोधून देणाऱ्या भागावर, चालत होता. त्याच्या अनुक्रमणिकेत नेमके कुठले शब्द शिरलेत ते दाखवणारा एक तक्ता मिळतो. तो उघडला. इंग्रजी शब्द अख्खे. मराठीच्या जागी मात्र क, ग, प, ढ, ब, अशी सुटी अक्षरं, रांगेने.

मजकुराचे शब्द पाडण्याचं काम युनिकोड६१ नावाचा भाग करतो. अक्षर आणि अंक म्हणजे शब्दाचा भाग, बाकी सगळं म्हणजे शब्द संपला, असा त्याचा मूळ नियम. आणि युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या सगळ्या लिप्यांच्या सामाईक यादीत, आपला काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार यांतलं काहीच 'अक्षर' या वर्गात नाही, ती सगळी 'जोडचिन्हं'. त्यामुळे प्रत्येक काना-मात्रेवर शब्द तुटत होता. पाढे, पेढे, पुढे या तिघांचंही उरलं फक्त प आणि ढ. बाकी आणि बँक, दोन्हींचं ब आणि क.

मॅडमना सांगितलं तर त्या जरा चिडल्याच. "बाराखडी काढून घेतल्यावर मराठीत राहिलं काय?"

यात लपवलेलं काही नाही, नियम कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेला आहे आणि बदलताही येतो. शब्दात कोणते वर्ग धरायचे त्या यादीत एमएन आणि एमसी हे दोन जोडचिन्हांचे वर्ग घातले. फक्त शोधाच्या असलेल्या तक्त्यावर हा बदल होत नाही, तो काढून टाकून नव्याने बांधावा लागतो. संग्रह छोटा, चहा येईपर्यंत झालं.

पाढे आले, पेढे गेले. तेवढ्यात एकाने 'पायऱ्या' शोधलं. हा शब्द तर प्रत्येक प्रोग्रॅमखाली असायला हवा, आले निम्मेच. मजकूर दोन कॉम्प्युटरवर टाइप झाला होता. एकावर ऱ्या लिहिताना ऱ हे स्वतंत्र अक्षर पडलं होतं, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि पाठोपाठ न दिसणारं एक जोडणीचं चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, डोळे फोडून बघितलं तरी फरक दिसणार नाही. हे मला काना-मात्रेच्या घोळापेक्षाही वाईट वाटतं, कारण तिथे निदान हसायला तरी मिळालं. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच रूप करून घेतलं. विभक्तीसाठी शेवटची मात्रा काढून उरलेल्या भागाने सुरू होणारे सगळे शब्द शोधायचे असं केलं, म्हणजे 'पाढे' टाकलं की 'पाढ्यांचा'सुद्धा सापडतो. थोडा कचरा येतो, येऊ दे.

राहिली चिन्हं. सी++ मधलं ++ गळून नुसतं सी उरत होतं, त्यावर भाषेसाठी वेगळी निवडपेटी दिली. पण % किंवा == शोधायचं कसं? तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडणारी दुसरी पद्धत एफटीएस५ मध्ये आहे, पण तीनपेक्षा कमी अक्षरांचं तिथे काही सापडत नाही. मग चिन्हांचा वेगळा तक्ता केला आणि प्रत्येकापुढे मुलं ज्या नावाने विचारतात ते नाव घालायचं ठरलं. % पुढे 'बाकी', == पुढे 'समान आहे का'. मॅडम भराभर भरत होत्या, अट बघून दोनपैकी एक उत्तर निवडणाऱ्या ?: पाशी थांबल्या. त्याला काय म्हणायचं, म्हणून त्यांनी मुलांनाच विचारलं.

"ते? प्रश्नचिन्हवालं," मागच्या बाकावरचा म्हणाला.

मॅडमनी तेच भरलं.