तुम्ही विचारलंत म्हणून : कानातले मशीन सहा वर्षे कसे चालले

खानापूरच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात किंवा बेळगावच्या बसमध्ये शेजारी बसलेली एखादी ओळखीची बाई माझ्या कानातल्या श्रवणयंत्राकडे निरखून पाहू लागली, की पुढे कोणता प्रश्न येणार हे आता मला पाठ झाले आहे. "बाई, आमच्या मामंजींचं मशीन दोन महिन्यांत बंद पडलं की. कपाटात ठेवलंय बघा. तुमचं सहा वर्षं कसं काय चाललंय?" विचारणारी कधी माझी जुनी विद्यार्थिनी असते, कधी तिची आई, मामंजींच्या जागी कधी सासूबाई असतात, कधी थोरले दीर. कपाट मात्र प्रत्येक वेळी असतेच. बसच्या खडखडाटात मला धड ऐकू येत नाही आणि तिला धड समजावूनही सांगता येत नाही, त्यामुळे "रोज पुसते" एवढेच म्हणून मी गप्प बसते. त्या दोन शब्दांत जे मावत नाही, ते इथे लिहीत आहे.

मी मराठी प्राथमिक शाळेत ३४ वर्षे शिकवले. निवृत्तीच्या सुमारास माझी अडचण अशी झाली की लोक बोलतात हे ऐकू येई, पण काय बोलतात ते कळत नसे. वयाबरोबर येणाऱ्या बहिरेपणात बहुधा वरच्या पट्टीतले बारीक आवाज आधी जातात. स्वर खालच्या पट्टीत असल्यामुळे ते राहतात, आणि स, श, फ, थ यांसारखी व्यंजने गळून पडतात. 'साठ' या शब्दातला स गेला की उरतो तो 'आठ'. आठ रुपयांत एवढी मोठी मेथीची जुडी मिळाली म्हणून मी खूश होऊन पैसे पुढे करी, आणि भाजीवाली माझ्या तोंडाकडे पाहत राही. आमच्याकडचा बाजार तर दोन भाषांत चालतो. कन्नडमध्ये मूरु म्हणजे तीन आणि नूरु म्हणजे शंभर. हे दोन शब्द चांगल्या कानांनाही गोंधळात टाकतात, मग माझ्यासारखीला विचारायलाच नको. बोलणाऱ्याचे ओठ दिसले तर 'मू' म्हणताना ते मिटतात, एवढाच काय तो आधार. मराठीत गळलेले अक्षर मन आपोआप भरून काढते. बाजारात आणि सरकारी कचेरीत शिकलेल्या माझ्या कन्नडमध्ये ते भरून निघत नसे. घरच्यांना वाटले, मी कन्नड विसरत चालले.

म्हणूनच तपासणीबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगते. कानाला यंत्र लावून आवाजाच्या पातळ्या मोजल्यानंतर शब्द ऐकवतात आणि ते जसे ऐकू येतील तसे म्हणून दाखवायला सांगतात. वाचा आणि श्रवण या विषयांची अखिल भारतीय संस्था १९६५ पासून आपल्याच राज्यात, कर्नाटकात, मैसूरला आहे, त्यामुळे कन्नड शब्दांची यादी समोर येणे स्वाभाविकच आहे. मला आधी तीच ऐकवली आणि माझे निम्मे शब्द चुकले. मी संकोचत मराठी शब्द मागितले, तेव्हा कितीतरी अधिक शब्द बरोबर आले. कान तेच होते. ज्यांचे घरातले बोलणे मराठीत आहे त्यांनी ही चाचणी मराठीत मागावी. त्यात भाषेचा अभिमान वगैरे काही नाही, मोजमाप खरे यावे एवढाच हेतू आहे.

माझी यंत्रे कानाच्या वाटीत बसणारी आहेत. कानामागे काही अडकत नाही, त्यामुळे चष्म्याच्या काडीशी भांडण होत नाही. ही यंत्रे ज्याच्या त्याच्या कानाच्या मापाची असतात. आधी कानात खोलवर दोरा बांधलेला कापसाचा बोळा ठेवतात, मग पिचकारीने मऊ सिलिकॉन भरतात. काही मिनिटांत ते घट्ट झाले की अलगद बाहेर काढतात आणि त्या मापावरून कवच तयार होते. मात्र ज्यांचा कान वाहतो त्यांना हा प्रकार मानवत नाही, कारण कवचाने वाट बंद होऊन आतला ओलावा आतच राहतो. फार जास्त बहिरेपण असेल तर कानामागचे मोठे यंत्रच बरे, आणि मुलांचे कान वाढत असल्यामुळे त्यांनाही सहसा हे देत नाहीत. "बाईंसारखं लहान पाहिजे" म्हणून दुकानात हट्ट करणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते. दिसू नये म्हणून घेतलेले यंत्र आणि ऐकू यावे म्हणून घेतलेले यंत्र ही प्रत्येक वेळी एकच असतील असे नाही.

पहिले काही आठवडे कठीण गेले, हे मी लपवत नाही. स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमत असे. कवचात हवेसाठी एक बारीक आरपार छिद्र असते, ते थोडे मोठे करून घेतल्यावर घुमणे कमी झाले. पदर डोक्यावर घेतला की कापड यंत्रावर घासून खरखर होई. स्वयंपाकघरात स्टीलच्या ताटांचा आवाज इतका लागे की पहिल्या आठवड्यात मी दोनदा यंत्र काढून ठेवले आणि दोन्ही वेळा परत घातले. कित्येक वर्षे जे आवाज मेंदूपर्यंत पोचलेच नव्हते, त्यांतले कोणते सोडून द्यायचे हे त्याला नव्याने शिकावे लागते. मी आधी घरात दोन तास, मग अंगणात, मग शेजारणीकडे अशी वाढ करत गेले आणि बाजारात सर्वांत शेवटी गेले. कपाटात गेलेल्या यंत्रांपैकी बरीचशी याच दिवसांत तिकडे जातात, असा माझा अंदाज आहे. आणलेल्या दिवशीच ते घालून लग्नाच्या पंगतीत बसवलेला म्हातारा माणूस दुसऱ्या दिवशी ते काढून ठेवणार नाही तर काय करील?

उरलेली यंत्रे मळाने मरतात. आमच्या लहानपणी गावात वीज नव्हती आणि संध्याकाळी राखेने कंदिलाची काच पुसण्याचे काम माझ्याकडे होते. एक दिवस चुकले तरी उजेड पिवळा पडे, पण म्हणून कंदील बिघडला असे कोणी म्हणत नसे. कानातल्या यंत्राचे तसेच आहे. त्याचे आवाज सोडणारे तोंड थेट कानाच्या नळीत असते आणि मळ तर तिथेच तयार होतो. रात्री काढल्यावर मी ते कोरड्या मऊ फडक्याने पुसते. ब्रश मात्र सकाळी मारते, कारण रात्रभरात मळ वाळतो आणि सहज झडतो. ब्रश मारताना यंत्राचे तोंड खाली धरायचे, म्हणजे मळ आत न जाता बाहेर पडतो. आणि आधी बाहेरच्या बाजूच्या मायक्रोफोनची छिद्रे झाडायची, नाहीतर आतला मळ ब्रशाबरोबर मायक्रोफोनवर जाऊन बसतो. हवेच्या छिद्रातून बारीक तार फिरवायची. आवाजाच्या तोंडात ती तार कधीही घालायची नाही. पाणी नाही, स्पिरिट नाही, आणि माझ्या एका मैत्रिणीने केले तसे ओल्या पदराने पुसणेही नाही. हे सगळे पलंगावर बसून, मांडीवर टॉवेल पसरून करायचे, कारण शहाबादी फरशीवर पडलेले यंत्र उचलताना काळजात जे होते ते मी एकदा अनुभवले आहे.

आवाजाच्या तोंडावर मळ अडवणारी एक इवलीशी जाळी असते. मला ती पहिले वर्षभर माहीतच नव्हती. एका जुलै महिन्यात उजवे यंत्र मुके झाले. सेल बदलून पाहिला, तरी काही नाही. भर पावसात बस पकडून बेळगाव गाठले, जिथून यंत्र घेतले होते तिथे दीड तास बसले, आणि आतल्या मुलाने एका काडीच्या टोकाने जुनी जाळी ओढून काढली, त्याच काडीच्या दुसऱ्या टोकाने नवी बसवली आणि यंत्र माझ्या हातात दिले. पुरता एक मिनिटही लागला नाही. विकताना या काड्यांचे पाकीट डब्यात आहे एवढे एक वाक्य कोणी बोलले असते तर माझा दिवस वाचला असता. पाकीट खरोखरच डब्यात होते, पण माहितीपत्रक इंग्रजीत होते. आता आवाज बारीक झाला की मी आधी जाळी पाहते, मग सेल, आणि त्यानंतरच बसचा विचार करते.

सेलांचेही एक शास्त्र आहे. हे सेल हवेवर चालतात. पाठीवरचा रंगीत कागद सोलला की बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो. मग कागद परत चिकटवला तरी तो झोपी जात नाही. म्हणून गरज पडेपर्यंत कागद काढायचा नाही, आणि काढल्यावर तीन ते पाच मिनिटे सेल तसाच उघडा ठेवून मगच तो यंत्रात घालून त्याचे दार लावायचे. कागदाच्या रंगावरून आकार कळतो : १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. माझा तपकिरी, आणि तो मला साधारण आठवडाभर पुरतो. बाजारातून आणायला मुलाला पाठवताना मी नंबर न सांगता सेलांचे रिकामे पाकीट हातात देते. संपलेला सेल ताबडतोब नातवंडांच्या हाताबाहेर गेला पाहिजे. गिळलेला बटणाएवढा सेल अन्ननलिका भाजून काढतो, आणि तसे झाल्यास घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठायचा असतो.

आमच्याकडचा पाऊस हा यंत्राचा मोठा वैरी आहे. जूनपासून दसरा जवळ येईपर्यंत खानापूर तालुक्यात कपडे वाळत नाहीत, पापड सादळतात आणि भिंतीवर बुरशी धरते. त्यात घामाच्या कानातून काढलेले यंत्र कोरडे कसे राहील? रात्री मी सेल काढून ठेवते आणि यंत्रे दार उघडे ठेवून ओलावा शोषणाऱ्या डबीत घालते. सेल मात्र त्या डबीत ठेवत नाही, कारण तिथे तोही सुकून जातो. डबीतले दाणे नारिंगी असतात आणि ओलावा पिऊन हिरवे होतात. उन्हाळ्यात कित्येक आठवडे नारिंगी राहणारे दाणे श्रावणात बघता बघता हिरवे पडलेले मी पाहिले आहेत. तांदळाच्या डब्यात यंत्र पुरून ठेवा असे सांगणारे भेटतात. तांदळाची भुकटी जाळीत गेल्यावर काय होईल, याचा विचार त्यांनी केलेला नसतो.

आणि तेल. लसूण टाकून कोमट केलेले तेल कानात घालणे हा आमच्या घरांतला सर्व रोगांवरचा इलाज, आणि दिवाळीच्या अभ्यंगाला तर कानाच्या पाळीपर्यंत तेल चोळले जाते. तेल लावण्याआधी यंत्र काढायचे, न्हाऊन कान पूर्ण कोरडे झाल्यावरच घालायचे, आणि कानात तेल घालणे सोडून द्यायचे, हे मला माझ्या सख्ख्या बहिणीला अजून पटवता आलेले नाही. हेअरपिनने कान कोरण्याची सवयही तशीच. ती मळ बाहेर काढण्याऐवजी आत ढकलते. मी वर्षातून दोनदा कानाच्या डॉक्टरांकडून मळ काढून घेते.

एवढे सारे करूनही मी दुसऱ्यांदा "काय?" म्हणते, हे विचारणाऱ्यांच्या लक्षात येतेच. यंत्र आवाज मोठा करते, पण गेलेला कान परत देत नाही. मिरवणुकीत ढोल आणि बोलणे एकदम आले की त्याचा नाइलाज होतो. समोर बसून, तोंड दिसेल असे, हाताच्या अंतरावरून बोललेले मला जवळजवळ सगळे कळते. स्वयंपाकघरातून ओसरीवर ओरडून सांगितलेले कळत नाही. ओरडल्याने स्वर मोठे होतात आणि व्यंजने तशीच राहतात, हे एकदा नीट समजावून सांगितल्यापासून माझी सून उंबऱ्यापर्यंत येऊन बोलते.

गेल्या महिन्यात, ज्यांच्या सुनेने बसमध्ये विचारले होते, त्या मामंजींचे कपाटातले यंत्र मी पाहून आले. सेल आतच फुगला होता, जाळी गच्च भरली होती आणि ब्रश वेष्टनासकट डबीत होता. जाळी आणि सेल बदलला, लाल खुणेचे म्हणून उजव्या कानाला लावले, कान वरच्या अंगाला ओढून जरासे पिरगाळत बसवले, तर आवाज आला. पण भाकरीचा घास चावताना शिट्टी वाजू लागली. आजारपणात मामंजी वाळले होते आणि कवच सैल झाले होते. बाहेर गळलेला आवाज मायक्रोफोनमध्ये परत शिरला की अशी शिट्टी वाजते. त्याला पुसणे उपयोगाचे नाही, माप नव्याने द्यावे लागते. "सुगी झाल्यावर बेळगावला जाऊ की," असे ते म्हणाले. तोवर जेवताना काढायचे आणि संध्याकाळी नातू पाढे म्हणायला बसला की घालायचे, असे ठरवून मी त्यांच्या सुनेच्या हाती ब्रश दिला.