दोन डिझायनर, एक गिऱ्हाईक

लोकांच्या घरी गाणं ऐकायची खोली लावून देणं हे माझं काम. बहुतेक जण आधी वॅट विचारतात. त्या दिवशी ज्या काकांकडे गेलो, ते मात्र दारातच म्हणाले, "आकडे सांगू नका. बनवणाऱ्याचा विचार पटला तरच मी वस्तू घेतो."

अशी माणसं मला आवडतात, फक्त दिवस अख्खा जातो.

त्यांना पटलेले विचार दोन. एक, ३००बी नावाच्या व्हॉल्व्हचा (जुन्या धाटणीच्या काचेच्या नळीचा) सिंगल-एंडेड, म्हणजे आवाजाची अख्खी लहर एकाच व्हॉल्व्हनं वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर. सर्किटमध्ये कमीत कमी भाग, निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर पडणारा सिग्नल थोडा परत आत आणून चुका सुधारणं) नाही, ताकद जेमतेम ८ वॅट. तो त्यांनी आधीच घेतलेला. दुसरा, बीबीसीच्या इंजिनिअरांनी १९७०च्या दशकात घडवलेला छोटा एलएस३/५ए स्पीकर. तो मी ऐकवायला नेला होता. काकांनी खोक्यावर टकटक केलं. "पातळ वाटतंय हो!" पातळच आहे. जाड लाकडाची थरथर आवरणं कठीण जातं. पातळ प्लायवुडला आतून डांबरी पट्ट्या चिकटवल्या की त्या थरथर चटकन गिळतात, म्हणून माणसाचा आवाज स्वच्छ राहतो. काका खूश.

दोन्ही जोडले. निवेदनाचं रेकॉर्डिंग लावलं, तर निवेदक समोर येऊन बसल्यासारखा. मग काकांनी पियानो लावला, आवाज चढवला आणि प्रत्येक जोरकस सूर चिरडायला लागला.

आता आकडे सांगणं भाग होतं. या स्पीकरला १ वॅट दिला, तर १ मीटरवर सुमारे ८३ डेसिबल मिळतात. ८ वॅटला त्यात फक्त ९ डेसिबलची भर. सोफा तर भिंतीला टेकलेला, पार पलीकडे; तिथवर आवाज आणखी घटतो, आणि तो चढवायला गेलं की अ‍ॅम्प्लिफायरची ताकद संपून सूर चिरडतात. हा स्पीकर बाह्यप्रक्षेपणाच्या (स्टुडिओबाहेरून कार्यक्रम प्रसारित करायच्या) गाडीत इंजिनिअरच्या कानाजवळ ठेवायला केलेला. दिवाणखाना भरायचा हा त्याच्या कर्त्यांचा प्रश्नच नव्हता. थोड्या वॅटांत खोली दणाणून सोडायचा विचार अमेरिकन इंजिनिअर पॉल क्लिप्शचा. १९४६च्या त्याच्या क्लिप्शहॉर्न या भोंग्याच्या स्पीकरमध्ये खोलीचा कोपराच भोंग्याचा पुढचा भाग होतो.

"भोंगा? घरात?" काकांनी तोंड वाकडं केलं.

मग खुर्ची ओढून ते स्पीकरपासून हातभर अंतरावर बसले आणि आवाज उतरवून तोच पियानो पुन्हा लावला. सूर सुटे, मोकळे. स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही अभ्यासिकेच्या टेबलावर गेले.

मी वायरी गुंडाळत होतो, तेवढ्यात काका म्हणाले, "आलाच आहात तर दिवाणखान्याचे कोपरे मोजून घ्या."