आई तर छान बोलते की

आईला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असल्याचे निदान होऊन सहा वर्षे झाली. या काळात मला सर्वांत जास्त लागलेले वाक्य आईचे नाही, तिला भेटायला येणाऱ्यांचे आहे: "अगं, आई तर छान बोलते की!" असे म्हणणारी माणसे वाईट नसतात आणि त्यांना जे दिसते ते खोटेही नसते. कोणी आले की आई केस सारखे करते, हसून स्वागत करते, "घरी सगळे बरे ना?" असे विचारते आणि ज्याचे नावही तिला आठवत नाही त्याच्याशी पाऊण तास इतक्या सफाईने बोलते की ऐकणाऱ्याला शंका यावी ती माझ्याविषयीच. आयुष्यभर अंगवळणी पडलेले शिष्टाचार, ठरावीक प्रश्न आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून अंदाज घेण्याची सवय या गोष्टी ताजी स्मृती गेल्यावरही बराच काळ टिकून राहतात. त्या पाऊण तासात तिची किती शक्ती खर्च झाली, हे पाहुण्यांच्या मागे दार लावल्यावर कळते. त्यानंतरची संध्याकाळ आणि रात्र आम्हा दोघींची असते.

माझा मोठा भाऊ दूर राहतो. आईवर त्याचे अतिशय प्रेम आहे आणि तो तिला रोज फोन करतो. तरीही पहिली दोन वर्षे मी सांगत असलेल्या गोष्टींवर त्याचा विश्वास बसत नव्हता, कारण फोनवरची पाच मिनिटे आई अगदी पूर्वीसारखीच असायची. "तू दमली आहेस, म्हणून तुला तसं वाटतं," असे तो समजुतीने म्हणायचा. त्या समजुतीच्या सुराने मला जितके एकटे पाडले, तितके रात्रीच्या जागरणांनीही पाडले नाही.

आईचा एक निळा बटवा आहे. तो चोरीला जाईल या भीतीने ती तो लपवते, कुठे लपवला ते विसरते आणि मग माझ्याकडे रोखून बघत म्हणते, "तूच घेतलास." पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मी रडले आणि नंतर वाद घातला. कपाट उघडून दाखवले, गादी उचलून दाखवली, शेवटी बटवा टॉवेलच्या घडीत सापडला तेव्हा तो तिच्यासमोर धरून म्हणाले, "बघ, तूच ठेवला होतास." आपण चुकीचा आरोप केला हे तिला पटले नाही. मी तो आत्ता गुपचूप तिथे ठेवला, एवढेच पटले.

आज विचार करताना तिचे म्हणणे मला तर्काला धरूनच वाटते. अल्झायमर या डिमेन्शियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाला सहसा लवकर इजा होते आणि नव्या आठवणी तयार होण्यासाठी तोच भाग लागतो. बटवा लपवल्याची आठवण पुसली जाते असे नाही, ती मुळात नोंदवलीच जात नाही. ज्याच्या लेखी आपण वस्तू हलवलीच नाही आणि ज्याला ती जागेवर दिसत नाही, तो माणूस दुसरे काय समजणार? ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो, त्या डॉ. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या रुग्णाची हकिकत मांडली, त्या आउगुस्ट डेटर १९०१ मध्ये ५१ वर्षांच्या असताना त्यांच्याकडे आल्या होत्या. त्यांचे सर्वांत आधी जाणवलेले लक्षण विसरभोळेपणा नव्हते, पतीविषयीचा संशय हे होते, आणि घरातल्या वस्तू त्या इकडेतिकडे नेऊन लपवत असत, अशीही नोंद आहे. हे वाचले त्या दिवशी माझ्या मनावरचे मोठे दडपण उतरले. आईच्या मनात माझ्याविषयी काही साचले होते आणि ते आता बाहेर येते आहे, असा जो काटा माझ्या मनात रुतला होता, तो त्या जुन्या नोंदीने काढला.

आता मी वाद घालत नाही. "अगं बाई, बटवा नाही? चल, आपण दोघी शोधू," एवढेच म्हणते आणि तिचा हात धरून शोधायला लागते. बटवा सापडला की "सापडला गं!" म्हणते आणि तो कोणी ठेवला हा विषय काढत नाही. यात खोटे काहीच नाही, कारण तिची घाबरगुंडी खरी असते आणि माझी मदतही खरी असते. आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखद आणि आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या होत्या. काय पाहिले ते रुग्ण लवकरच विसरले, पण त्यातून उमटलेली भावना त्यानंतरही टिकून राहिली. आमच्या घरात मी हे रोज बघते. सकाळचे भांडण आईला दहा मिनिटांत आठवत नाही, पण तिचा चेहरा दुपारपर्यंत उतरलेला असतो आणि त्याचे कारण तिला स्वतःलाही सांगता येत नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावरही पाहुण्यांसमोरचेच चित्र दिसते. तिथे ती शांतपणे उत्तरे देते आणि तिच्यादेखत तिच्या चुकांचा पाढा वाचणे मला अमानुष वाटते. म्हणून मी एका पानावर तारीखवार नोंदी लिहून ते पान आधीच आत पाठवते. या नोंदींचा खरा उपयोग मागच्या वर्षी झाला. दोन दिवसांत आई एकदम सैरभैर झाली आणि नातेवाइकांनी "आजार वाढला" असा निष्कर्ष काढला. प्रत्यक्षात तिला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला होता आणि उपचारांनंतर ती पूर्ववत झाली. डिमेन्शिया सहसा असा दोन दिवसांत उसळत नाही. अचानक बदल दिसला तर संसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता किंवा नवे औषध यांपैकी काही कारण आहे का, हे तातडीने तपासून घ्यावे लागते. हा फरक रोज सोबत राहणाऱ्यालाच आधी कळतो, म्हणून त्याचे म्हणणे हे गाऱ्हाणे समजू नये, ती माहिती असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ मध्ये जगभरात ५ कोटी ७० लाख लोक डिमेन्शियासह जगत होते आणि त्यांची काळजी घेणारे घरचे लोक सरासरी दिवसाला ५ तास त्यात घालवतात. त्या तासांतले ७० टक्के तास स्त्रियांचे असतात. अशा माणसाला "काही लागलं तर सांग हं" असे म्हणून निघून जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. काय लागेल याचा विचार करण्याइतकीही उसंत त्याला नसते. माझी एक मैत्रीण काही न विचारता दर बुधवारी तीन ते सहा आईजवळ येऊन बसते. त्या तीन तासांत बहुतेक वेळा मी नुसती झोपते.

गेल्या हिवाळ्यात माझ्यावर छोटी शस्त्रक्रिया झाली आणि दादा पाच दिवस आईजवळ राहिला. तिसऱ्या रात्री दोन वाजता त्याचा फोन आला. आवाज दबलेला होता. "ती मला ओळखत नाही. घरात चोर शिरला म्हणते. बटवा मीच घेतला म्हणते. मी काय करू?"

"पायांशी जो टॉवेल असतो, त्याच्या घडीत बघ," मी म्हटले. "तिथे नसला तर उशीच्या अभ्र्यात. पण एकटा शोधू नकोस, तिला बरोबर घे."

त्याने फोन बंद केला नाही. मला पावलांचा आवाज ऐकू आला, मग कपाटाचे दार, मग बराच वेळ काही नाही, आणि मग आईचा आवाज आला, "अरे, इथे आहे की! बरं झालं बाई, तुम्ही होतात म्हणून."

आता दर महिन्याचा पहिला शनिवार आणि रविवार दादाचा असतो.