आंबा घाटाच्या तोंडावर फीड पंप बदलला (कोल्हापूर ते रत्नागिरी, गुळाची गाडी)

शाहू मार्केट यार्डातनं गूळ भरून रात्री ११ ला निघालो, मी आणि किन्नर (गाडीचा क्लीनर). गाडी जुनी, इनलाइन पंपाची (नोझलमधनं इंजिनात डिझेल फवारायला दाब देणारा जुन्या पद्धतीचा मेन पंप). वाघबीळचा चढ लागला आणि गाडीचा दमच गेला, अॅक्सिलेटर तळाला टेकवला तरी उचलंना. डिझेल फिल्टर चोकअप असंल म्हणून बांबवड्यात जवळचा नवा टाकला, जरा बरी चालली, मलकापूर सोडलं आणि परत तेच. हातपंप (फीड पंपावरचा, हातानं डिझेल ओढायचा) मारला की पाच मिनिटं नीट, मग परत झटके. असं झालं की फिल्टरमागं लागू नका, फीड पंप, म्हणजे टाकीतनं डिझेल ओढून मेन पंपाला देणारा छोटा पंप, डिझेल ओढत नाही किंवा कुठंतरी हवा घेतोय.

आंब्यात पोचलो तर किन्नर म्हणतोय, मालक आता साखरप्यापर्यंत उतारच हाय की, जाऊया हळूहळू. मी सरळ नाही म्हटलं. अहो उतारावरच तर इंजिन चालू पाहिजे, वळणावर क्लच दाबला आणि इंजिन बंद पडलं तर पॉवर स्टिअरिंग दगडासारखं होतं आणि कॉम्प्रेसर थांबला की ब्रेकची हवा भरायची बंद, वर पावसाळ्यातलं धुकं. माल उशिरा गेला तर चालतोय, पोरगं घरी सुखरूप गेलं पाहिजे. चाकामागं ठोकळे लावले आणि तिथंच झोपलो.

सकाळी मेस्त्रीला फोन लावला, त्यानं उद्यमनगरातनं पंप घेऊन आमच्याच यार्डाच्या दुसऱ्या गाडीबरोबर पाठवला. जुन्या पंपाचा फोटो आधी पाठवा, सगळे एकसारखे दिसतात पण बसत नाहीत.

बदलायला अवघड काही नाही. आधी पंपाभोवतीची माती डिझेलनं धुवा, कचरा आत गेला तर मेन पंप आणि नोझलचं काम निघतं. पाइप सोडले, नट काढले, पंप बाहेर. तांब्याचे वायसर जुने अजिबात वापरू नका, प्रत्येक बँजो बोल्टला (पाइप जोडायचा पोकळ बोल्ट, त्यातनंच डिझेल जातं) दोन, नवेच टाका, आमचा एक जुना राहिला तर तिथनंच हवा घेत होता, अर्धा तास फुकट गेला. मग फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहायचं, फेस बंद होऊन स्वच्छ धार आली की तसाच मारत मारत स्क्रू आवळायचा. हातपंपाची मूठ शेवटी फिरवून घट्ट करा, ही गोष्ट बरेच जण विसरतात.

हे सगळं जुन्या गाड्यांचं हां. कॉमन रेलच्या गाडीत (सगळ्या नोझलना एकाच नळीतनं जादा दाबाचं डिझेल देणारी नवी पद्धत) इंजिन चालू असताना नोझलचा पाइप कुणी ढिला करू नका, हजार बारच्या वर प्रेशर असतं, कातडी फाडून डिझेल आत जातं.

दुपारी घाट उतरलो, पाली, हातखंबा करत संध्याकाळी माल खाली केला. दुसऱ्या दिवशी ऑइलची काडी बघितली तर लेव्हल वाढलेली आणि डिझेलचा वास, जुन्या पंपातनं डिझेल इंजिनात झिरपत होतं. तसंच परत न येता रत्नागिरीतच ऑइल बदललं.