लुक्ला ते रामेछाप, वीस मिनिटं

नेपाळात एव्हरेस्टच्या वाटेवरचं लुक्ला आणि रामेछापचं मंथली विमानतळ यांच्यात सरळ रेषेत साधारण 75 किलोमीटर. विमानाला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पुण्याहून एव्हरेस्ट बेस कॅम्पला तुकडी नेताना मी प्रत्येक वेळी हे सांगतो, आणि परतीचं तिकीट काढताना दोन दिवस हाताशी ठेवा असं बजावतो. त्या ऑक्टोबरात बाराजणांपैकी अकरांनी ऐकलं. ठाण्याच्या काकूंना शक्यच नव्हतं. मुलीचे दिवस भरत आले होते.

परतीच्या दिवशी सकाळी सहाला आम्ही लुक्लाच्या विमानतळावर हजर. बॅगा काट्यावर चढल्या, माणशी 15 किलो. आठ वाजले, नऊ वाजले. बाहेर लख्ख ऊन.

"अरे, आभाळ एवढं स्वच्छ आहे, मग विमान का येत नाही?" काकूंनी विचारलं.

मी त्यांना धावपट्टीच्या कुंपणाशी नेलं. समुद्रसपाटीपासून 2,845 मीटरवर ही 527 मीटरची पट्टी, तीही जवळजवळ बारा टक्के उताराची. विमान चढावर उतरतं, म्हणजे वेग आपोआप मरतो, आणि उतारावरून सुटतं. वरच्या टोकाला डोंगर, खालच्या टोकाला दरी. अगदी शेवटच्या क्षणी 'नको, पुन्हा फिरून येतो' म्हणायची सोय नाही, म्हणून वैमानिकाला सगळं डोळ्यांनी दिसावंच लागतं. इथे ऊन असून भागत नाही. वाटेत लामजुराची खिंड आहे, साडेतीन हजार मीटरची, ती ढगात बुडाली की दोन्हीकडची विमानं जागच्या जागी. दहा-अकरानंतर ढग वर चढतात आणि दिवस संपतो.

"मौसम खुलेन," खिडकीतला माणूस नेपाळीत म्हणाला, म्हणजे हवा उघडली नाही. पहिला दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकजण हेलिकॉप्टर घेऊन दारात. ढगांखालून काढतो म्हणाला. काकूंनी पर्स उघडली. मी नाही म्हटलं. त्या ढगांच्या पोटात डोंगर असतात, आणि मी आणलेलं माणूस मी तिथून पाठवणार नाही. काकू संध्याकाळभर माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवणाच्या टेबलावर त्यांच्या ताटातला डाळभात तसाच राहिला. त्यांची घालमेल खोटी नव्हती, मलाही त्या रात्री झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी सात वाजायच्या आत भोंगा वाजला. खोलीतली सगळी माणसं एकदम उभी राहिली. ट्विन ऑटर हे छोटं विमान चढावर येऊन वळलं, बॅगा उतरल्या, आमच्या चढल्या, सारं काही मिनिटांत. वैमानिकाने ब्रेक दाबून ठेवत इंजिनं पूर्ण ताकदीने फिरवली. सगळं विमान थरथरू लागलं. काकूंनी माझं मनगट पकडलं, सुटलो तेव्हा नखं रुतली होती. पट्टी संपली, खाली नुसती दरी. मग लामजुरा आमच्या इतक्या जवळून गेली की झाडांचे शेंडे वेगळे दिसत होते.

सतरा मिनिटांनी मंथली. उंची पाचशे मीटरच्या आत, दार उघडताच उकाडा. काकू तिथेच बॅगेवर बसून एकेक स्वेटर काढत ठाण्याला फोन लावत होत्या.

"अजून काही नाही म्हणे," त्या म्हणाल्या आणि पदराऐवजी त्याच स्वेटरने डोळे पुसले. "काठमांडू किती लांब रे इथून?"

"132 किलोमीटर. जीपने."

किती वेळ लागेल, हे त्यांनी विचारलं नाही. बॅग उचलून जीपकडे चालू लागल्या.